‘व्ही/एच/एस’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॉरर पाहणाऱ्यांच्या गप्पांत २०१२ चा ‘व्ही/एच/एस’ हा पिक्चर (व्हीएचएस म्हणजे जुनी व्हिडिओ कॅसेट) निघाला की तेच तेच प्रश्न फिरून येतात. मला गेली काही वर्षं जे पुन्हा पुन्हा विचारले गेले ते इथे एका जागी ठेवतो आहे. प्रश्न ८ पर्यंत निर्धास्त वाचा. ९ पासून गुपितं फुटतात, तेव्हा पिक्चर पाहिला नसेल तर तिथून मागे फिरा.

१. हा नेमका कसला पिक्चर आहे? दोन ओळींत सांगा.

काही टवाळ, गुन्हेगार पोरांना एका घरातून एक व्हिडिओ कॅसेट चोरून आणायचं काम मिळतं. घरात शिरतात तर टीव्हीसमोर खुर्चीत एक म्हातारा मरून पडलाय आणि कॅसेटींचा ढीग आहे. नेमकी कोणती न्यायची ते ठाऊक नाही, म्हणून एकेक लावून बघतात. आपणही त्यांच्याबरोबर बघतो. पाच कॅसेटी, पाच गोष्टी, एकूण ११६ मिनिटं. अमेरिकन पिक्चर, भाषा इंग्रजी.

२. याला अँथॉलॉजी म्हणतात, म्हणजे काय? एकच गोष्ट का नाही?

एका पिक्चरमध्ये अनेक सुट्या गोष्टी, हा प्रकार आपल्याला समजावून सांगायची खरं तर गरज नाही, कारण आपण वेताळ पंचविशी ऐकत वाढलो. राजा प्रेत खांद्यावर घेऊन स्मशानातून चाललाय ही बाहेरची गोष्ट. वेताळ सांगतो त्या आतल्या. ‘व्ही/एच/एस’मध्ये चोरांची गोष्ट म्हणजे तो राजा आणि कॅसेटी म्हणजे वेताळ. फरक इतकाच, की वेताळ प्रत्येक गोष्टीच्या शेवटी प्रश्न विचारतो आणि राजाला उत्तर द्यावं लागतं. इथे कोणी काही विचारत नाही. पोरं एक कॅसेट संपली की दुसरी लावतात, एवढंच.

पडद्यावरही हे जुनंच आहे. ब्रिटनच्या ईलिंग स्टुडिओचा ‘डेड ऑफ नाइट’ १९४५ सालचा. त्यातही पाहुण्यांनी सांगितलेल्या गोष्टी आणि त्यांना बांधणारी एक बाहेरची गोष्ट आहे. हिंदीत काय झालं ते प्रश्न १७ मध्ये.

३. हे सगळं खरंच घडलंय का? तसं दिसतं तर खरं.

नाही. सगळे नट आहेत, सगळं लिहून, ठरवून केलेलं आहे. कुणाच्या तरी कॅमेऱ्यात टिपलेलं चित्रण नंतर ‘सापडलं’ असं भासवायच्या या पद्धतीला फाउंड फुटेज म्हणतात. १९९९ च्या ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ने ती जगभर पोचवली. त्या वेळी तर बऱ्याच लोकांना ते खरंच वाटलं होतं.

४. केलाय कोणी?

कल्पना ब्रॅड मिस्का यांची. ‘ब्लडी डिस्गस्टिंग’ ही भयपटांना वाहिलेली वेबसाइट सुरू करणाऱ्यांपैकी ते एक. त्यांनी स्वतंत्रपणे, स्वस्तात पिक्चर करणारे तरुण दिग्दर्शक गोळा केले आणि एकेक कॅसेट वाटून दिली. बाहेरची गोष्ट ॲडम विंगार्डची. कथा क्रमाने अशा: ‘ॲमॅच्युअर नाइट’ डेव्हिड ब्रुकनर, ‘सेकंड हनिमून’ टाय वेस्ट, ‘ट्यूसडे द सेव्हन्टीन्थ’ ग्लेन मॅक्वेड, एमिलीची कथा (कथेचं नाव एवढं लांब आहे की मी ते कधीच पूर्ण उच्चारत नाही) जो स्वॉनबर्ग, आणि ‘१०/३१/९८’ ही रेडिओ सायलेन्स या चौघांच्या टोळक्याची.

हे लोक पुढे कुठे गेले ते पाहण्यासारखं आहे. विंगार्डने २०२१ चा ‘गॉडझिला व्हर्सेस काँग’ केला. रेडिओ सायलेन्सकडे २०२२ चा ‘स्क्रीम’ गेला. ब्रुकनरने २०२२ मध्ये ‘हेलरेझर’ केला, आणि टाय वेस्टचे ‘एक्स’ आणि ‘पर्ल’ हॉररवाल्यांना सांगायला नकोत.

५. म्हणे अगदी कमी पैशात झाला. किती, आणि कसं जमलं?

साधारण २ लाख ४२ हजार डॉलर हा आकडा सगळीकडे दिला जातो. तेव्हाच्या भावाने सव्वा कोटी रुपयांच्या जरा वर. एवढ्यात सहा दिग्दर्शकी कामं.

कसं जमलं याचं उत्तर पडद्यावरच दिसतं, फक्त भीती बाजूला ठेवून दुसऱ्यांदा पाहावं लागतं. एरवी दोन माणसं बोलताना दाखवायची तर आधी एकाच्या तोंडावर कॅमेरा, मग दुसऱ्याच्या, प्रत्येक वेळी दिवे नव्याने लावा. इथे कॅमेरा गोष्टीतल्याच कुणाच्या तरी हातात आहे. तो वळेल तिकडे आपण वळणार. दिवे म्हणजे बारमधले दिवे, मोटेलमधला टेबल लॅम्प, नाहीतर टॉर्च. अंधुक दिसलं तर कोणी तक्रार करत नाही; उलट खरं वाटतं. पार्श्वसंगीत जवळजवळ नाही, कारण हातातल्या कॅमेऱ्यात संगीत कुठून येणार? बाहेरून मोठे नट आणायचे नाहीत: एमिलीच्या कथेचा दिग्दर्शक स्वॉनबर्ग ‘सेकंड हनिमून’मध्ये नवऱ्याचं काम करतो, आणि शेवटच्या कथेत रेडिओ सायलेन्सपैकी तिघे स्वतःच मित्रांच्या भूमिकेत आहेत.

सगळ्यात मोठी बचत मात्र हिसक्यात आहे. घाबरलेला माणूस कॅमेरा सर्रकन फिरवतो. त्या सर्रकनमध्ये सगळं चित्र फरकटतं, आणि तिथे कात्री मारली तर कोणाला कळत नाही. मध्ये दोन तास गेले, नटीच्या तोंडावर रक्त लावलं, दात बसवले, आणि आपल्याला वाटतं की एका श्वासात झालं. भूत अर्धा सेकंद दाखवायचं तर ते अर्धा सेकंदापुरतंच बनवावं लागतं.

तरी काही ठिकाणी पैसा कमी पडल्याचं दिसतं, तेही सांगतो. जंगलातली कथा (‘ट्यूसडे द सेव्हन्टीन्थ’) मला नेहमी चार मित्रांनी रविवारी उरकल्यासारखी वाटते. पण तिथली एक युक्ती पक्की आहे; प्रश्न ११ पाहा.

६. घरच्यांबरोबर बसून पाहता येईल का? मुलगा चौदा वर्षांचा आहे.

नका पाहू. नग्नता आहे, शिव्या वाक्यागणिक आहेत, आणि रक्तपात अगदी जवळून दाखवलाय. पहिल्या पाच मिनिटांतच भर पार्किंगमध्ये एका बाईला धरून तिचे कपडे वर करून चित्रण करतात. हे पाहून बरेच जण तिथेच बंद करतात आणि मला विचारतात की पुढेही असंच आहे का. त्याबद्दल प्रश्न १५.

७. सन्डान्सला लोक बेशुद्ध पडले ही जाहिरातबाजी ना?

जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकेतल्या सन्डान्स महोत्सवात मध्यरात्रीच्या खेळात हा पहिल्यांदा दाखवला. तिथे एका प्रेक्षकाला चक्कर आली, वैद्यकीय मदत बोलवावी लागली, अशा बातम्या तेव्हा छापून आल्या. निर्मात्यांना त्याचा फायदा झाला यात शंका नाही. पण भीतीनेच तसं झालं असं धरून चालू नका. महोत्सव भरला ते गाव डोंगरात आहे, समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरवर, आणि पडद्यावर दोन तास कॅमेरा हिंदकळतोय.

८. माझं डोकं दुखतं, मळमळतं. काही उपाय?

गाडी लागणाऱ्यांना हा पिक्चरही लागतो. मोठ्या पडद्यापेक्षा लहान पडद्यावर, खोलीत दिवा ठेवून, जरा लांबून पाहा. कथा सुट्या आहेत, तेव्हा रोज एक पाहिली तरी चालते. फक्त क्रम मोडू नका, कारण मधेमधे बाहेरची गोष्ट सरकते. ‘सेकंड हनिमून’ त्यातल्या त्यात शांत आहे, तिथे विश्रांती मिळते. डोक्याला, मनाला नव्हे.

९. पहिल्या कथेतली ती मुलगी कोण? हडळ म्हणायची का?

(गुपितं इथून.) सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न. तिचं नाव लिली, काम हॅना फिअरमनचं. तीन मित्र बारमधून दोन मुलींना मोटेलवर आणतात. क्लिंटच्या चष्म्यात छुपा कॅमेरा आहे आणि बेत असा, की मुलींना न कळता सगळं टिपायचं. एक मुलगी दारूने आडवी होते. दुसरी, लिली, सुरुवातीपासून विचित्र. डोळे मोठाले, पापणी लवत नाही, आणि बोलते ते जवळजवळ एकच वाक्य: ‘आय लाइक यू.’ तेही घोगऱ्या, शिकून पाठ केल्यासारख्या आवाजात. मग ती मित्रांना फाडते, आणि शेवटी पंख फुटलेल्या रूपात क्लिंटला उचलून आभाळात नेते. चष्मा खाली पडतो आणि आपण जमिनीवरून बघत राहतो.

हडळ ती नव्हे. आपली हडळ म्हणजे मेलेल्या बाईचं भूत: पाय उलटे, इच्छा अपुरी राहिलेली, आणि तिला पूर्वायुष्य असतं. लिली कधी माणूस होती असं कथेत कुठेच सूचित नाही. ती वेगळ्याच जातीची शिकारी आहे. हिच्यावर पुढे २०१६ मध्ये स्वतंत्र चित्रपट निघाला, त्याचं नाव ‘सायरन’. ग्रीक कथांमधल्या सायरन गाऊन खलाशांना ओढून घ्यायच्या, तिथून हे नाव.

बारकावा असा की ती क्लिंटला मारत नाही. तिला तो खरंच आवडलाय. जिन्यावर बसून रडते ती त्याने झिडकारलं म्हणून. तिघांत त्यातल्या त्यात भला हाच, पण चष्मा याच्याच डोळ्यावर होता.

१०. ‘सेकंड हनिमून’मध्ये भूत कुठंय? मी दोनदा पाहिला.

तिसऱ्यांदा पाहू नका, नाहीच आहे. सॅम आणि स्टेफनी हे जोडपं सहलीला निघालंय. एक अनोळखी मुलगी रात्री मोटेलच्या दारावर येते आणि लिफ्ट मागते. त्या रात्री कोणीतरी त्यांचाच कॅमेरा घेऊन झोपलेल्या दोघांचं चित्रण करतं, स्टेफनीच्या अंगावरून चाकू फिरवतं, सॅमचा टूथब्रश संडासात बुचकळून परत ठेवतं. सकाळी सॅम दात घासतो. मला या सबंध पिक्चरमध्ये सगळ्यात जास्त शहारा त्या टूथब्रशने आणलाय, पंखवालीने नाही.

शेवटी सॅमच्या गळ्यात चाकू, आणि आरशासमोर स्टेफनी त्या मुलीचं चुंबन घेते. म्हणजे कट दोघींचा. प्रवासात भविष्य सांगणाऱ्या यंत्रातून निघालेल्या चिठ्ठीत प्रिय माणसाची भेट होईल असं असतं. पाहताना आपण ते नवऱ्याबद्दल समजतो. अलौकिक म्हणावं असं काही असेल तर ती चिठ्ठी.

११. जंगलातला खुनी नीट दिसत का नाही? माझी प्रिंट खराब आहे का?

प्रिंट चांगली आहे. खुनी कॅमेऱ्यात मावतच नाही. तो चौकटीत आला की तेवढ्या भागात चित्र तुटतं, रंग फुटतात, आडव्या पट्ट्या येतात. ज्यांनी भाड्याच्या व्हीसीआरवर रात्रभर तीन पिक्चर पाहिलेत त्यांना हे लगेच ओळखीचं वाटेल: पडद्यावर मुंग्या यायच्या, मग कोणीतरी उठून ट्रॅकिंगचं बटण फिरवायचं. इथे त्या मुंग्यांनाच माणसाचा आकार दिलाय. जिथे मुखवटा, मेकअप, अंगरखा लागला असता तिथे नुसता बिघाड. कथा बेताची, वेंडी ही मुलगी मित्रांना आमिष म्हणून घेऊन आली आहे एवढाच तिढा, पण ही कल्पना दाद देण्यासारखी.

१२. एमिलीचा बॉयफ्रेंड तिच्या घरात आला कसा? तो तर दुसऱ्या गावी होता.

तिथेच गोम आहे. एमिली आणि डॉक्टरकी शिकणारा जेम्स व्हिडिओ कॉलवर बोलत असतात. तिच्या घरात लहान मुलांसारख्या आकृत्या वावरतात, तिच्या हातात काहीतरी गाठीसारखं आहे. ती बेशुद्ध पडल्यावर जेम्स क्षणात खोलीत येतो, कारण तो लांब नव्हताच. त्या आकृत्या भुतं नव्हेत. कथेचा रोख परग्रहवासीयांकडे आहे आणि जेम्स त्यांच्यासाठी काम करतो. तिच्या शरीरात वाढवलेलं काढून घेतो, मग अपघात वाटावा म्हणून तिचा हात मोडतो. शेवटी दुसऱ्या मुलीशी तसाच गोड बोलताना दिसतो.

१३. ‘१०/३१/९८’मध्ये त्या पोरांची चूक काय?

घर चुकले. तारीख ३१ ऑक्टोबर, म्हणजे हॅलोवीनची रात्र. चौघे पार्टीला निघतात. एकाने टेडी बेअरचा वेष केलाय, कॅमेरा त्यातच बसवलेला. घर रिकामं असतं. त्यांना वाटतं भुताटकीचा देखावा मांडलाय, म्हणून हसत हसत माळ्यावर जातात. तिथे काही माणसं एका बांधलेल्या मुलीभोवती मंत्र म्हणत असतात, आणि हे वेडे त्यांच्या सुरात सूर मिसळतात. हा क्षण मला फार आवडतो. गंमत आणि भय यांतलं अंतर दोन सेकंदांचं आहे.

मग खरं काय ते कळतं, आणि ते पळून न जाता तिला सोडवायला परत वर जातात. भिंतींतून हात येतात, दारं नाहीशी होतात, तरी तिला बाहेर काढतात. गाडी रेल्वे रुळांवर बंद पडते, मुलगी आतून गायब होऊन बाहेर उभी दिसते, आणि आगगाडी येते. म्हणजे मंत्रवाले तिला छळत नव्हते, तिच्यातलं काही आवरत होते. बाकीच्या कथांत मरणारे बहुतेक आपल्या कर्माने मरतात. हे चौघे भल्या कामाने.

१४. व्हिडिओ कॉल आणि चष्म्यातलं चित्रण व्हिडिओ कॅसेटवर कुणी चढवलं? आणि कशाला?

पिक्चरमध्ये उत्तर नाही. मी तरी याला भोक म्हणतो, गूढ नव्हे. पुढच्या, २०१३ च्या भागात कॅसेटी विशिष्ट क्रमाने पाहिल्या की पाहणाऱ्यावर परिणाम होतो असं सूचित केलंय. त्यावरून मागे जाऊन काही जण जुळवाजुळव करतात. हौस असेल तर करा. आमच्याकडे एका नातेवाइकांच्या लग्नाच्या कॅसेटवर कोणीतरी क्रिकेटची मॅच चढवली होती; वरमाला पडायच्या आत एकदम गोलंदाज धावत यायचा. कॅसेटवर काय कसं आलं याचा हिशोब खऱ्या आयुष्यातही लागत नाही.

याच्याच जोडीचा प्रश्न: म्हाताऱ्याचं काय झालं? चोर एकेक करून नाहीसे होतात, प्रेत जागेवरून हलतं, आणि शेवटी तोच उठून हल्ला करतो. लक्षात घ्या, बाहेरची गोष्ट शेवटच्या कथेच्या आधीच संपते. पाचवी कॅसेट पाहायला घरात जिवंत कोणी उरलेलं नाही. व्हीसीआर आपोआप चालू होतो. ती आपण एकटे पाहतो.

१५. हा पिक्चर बायकांचा तिरस्कार करणारा आहे, असं वाचलं. पटतं का?

आक्षेप खरा आहे आणि झटकून टाकण्यासारखा नाही. पार्किंगमधला प्रसंग (प्रश्न ६) मलाही असह्य होतो. पण कॅमेरा कुणाच्या हातात आहे ते कथेगणिक पाहा. पहिल्या कथेत पुरुषांनी चोरून पाहण्यासाठी घेतलाय आणि तोच चष्मा त्यांचा अंत टिपतो. दुसऱ्यात नवरा बायकोला कपडे काढ म्हणून मागे लागतो, पुढे तोच कॅमेरा त्याच्यावर फिरतो. चोरांचंही तेच. चोरून पाहणाऱ्याला पिक्चर सोडत नाही. अडचण अशी, की शिक्षा दाखवण्याआधी तो आपल्यालाही पुरेसं चोरून बघू देतो. आणि एमिलीच्या कथेत तर फसवणारा सुटतो. त्यामुळे बचाव अर्धाच टिकतो, असं माझं मत.

१६. पुढचे भाग कोणत्या क्रमाने पाहू? त्यात मुंबईची कथा आहे म्हणतात.

क्रम लागत नाही, कथा स्वतंत्र आहेत. दुसरा भाग (२०१३) सगळ्यात चांगला असं बहुतेक म्हणतात, मीही म्हणतो. त्यात गॅरेथ एव्हान्स आणि टिमो त्जाजांतो यांची इंडोनेशियातल्या पंथाची ‘सेफ हेवन’ आहे. ‘ब्लेअर विच’च्या दोन दिग्दर्शकांपैकी एदुआर्दो सांचेझही त्याच भागात. तिसरा, २०१४ चा, सोडला तरी चालेल. मग २०२१ पासून शडर या सेवेवर ‘९४’, ‘९९’ आणि ‘८५’ आले. आकडा कथांच्या सालाचा आहे, भागाचा नाही; यात हमखास गोंधळ होतो. मुंबईची कथा २०२४ च्या ‘बियाँड’मध्ये: विराट पाल यांची ‘ड्रीम गर्ल’, बॉलिवूडची नटी आणि तिच्या मागावरचे पापाराझी. इथेही चोरून बघणारेच.

१७. आपल्याकडे असं काही झालंय का?

कथासंग्रहाच्या रूपात झालंय. राम गोपाल वर्मांची निर्मिती आणि प्रवाल रमण यांचं दिग्दर्शन असलेला ‘डरना मना है’ २००३ सालचा, म्हणजे याच्या नऊ वर्षं आधीचा. गाडी बंद पडलेले मित्र जंगलात शेकोटीशी बसून सहा गोष्टी सांगतात. तो फाउंड फुटेज नाही, आणि त्यात मोठे तारे होते, तेव्हा खर्चाची तुलना करू नका.

१८. आम्ही कॉलेजचे पाच जण आहोत, मोबाइलवर असं काही करायचंय. काय सांगाल?

गोष्ट लिहायच्या आधी एका ओळीत लिहा: कॅमेरा कोणाच्या हातात आहे आणि जीव जात असताना तो टाकून का देत नाही. छुपा चष्मा आणि टेडीच्या आत शिवलेला कॅमेरा ही याचीच उत्तरं आहेत, टाकताच येत नाहीत. मग हिसक्याचं गणित (प्रश्न ५) घरातल्या घरात करून पाहा: एक माणूस दारात उभा करा, कॅमेरा झटकन फिरवा, थांबा, त्याला हटवा, त्याच वेगाने परत फिरवायला सुरुवात करा आणि दोन तुकडे जोडा.

आणि आवाजाकडे लक्ष द्या. चित्र खराब असेल तर लोक चालवून घेतात, पण संवाद ऐकू आले नाहीत की उठून जातात. एक साधा कॉलर माइक घ्या, आणि शूटिंग चालू असताना पंखा बंद ठेवा.